डोंगरातलं १९४८: कोनित्सा ते प्रेस्पा, सहा दिवस

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगाचा धडा आला की मी फळ्यावर 'ट्रुमन सिद्धांत, १२ मार्च १९४७, ग्रीस आणि तुर्कस्तानला ४० कोटी डॉलर' एवढं लिहायचे आणि पुढे शीतयुद्धाकडे वळायचे. त्या एका ओळीत किती माणसं राहत होती, हा प्रश्न निवृत्त झाल्यावर छळायला लागला. माझा भाचा श्टुटगार्टला नोकरी करतो. त्याला म्हटलं, अथेन्स नको, सँटोरिनी नको, मला ग्रीस आणि अल्बानियाच्या सीमेवरचा ग्रामोस डोंगर बघायचाय. तो म्हणाला, "मावशी, तू तारीख सांग, गाडी मी चालवतो."

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ठरवला. मार्गही तारखांप्रमाणेच आखला. ग्रीसच्या यादवी युद्धात १९४७ च्या नाताळात कम्युनिस्ट बंडखोरांनी जिथे मोठा हल्ला केला तिथून निघायचं आणि १९४८ जसं सरकलं तसं उत्तरेला सरकायचं.

पहिला दिवस: थेस्सालोनिकी ते कोनित्सा

थेस्सालोनिकीहून पश्चिमेकडे जाणारा महामार्ग उत्तम आहे, बोगद्यांमागून बोगदे. योआनिनाला वळून संध्याकाळच्या आत कोनित्साला पोचलो. गाव डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेलं. पायथ्याशी आओस नदी दरीतून बाहेर पडते आणि तिच्यावर एकाच कमानीचा उंच दगडी पूल आहे, एकोणिसाव्या शतकातला. कमानीच्या पोटाखाली एक घंटा टांगलेली आहे. वारा फार असला की ती वाजते, म्हणजे आता पूल ओलांडू नका. आम्ही गेलो तेव्हा वारा नव्हता. भाचा म्हणाला, बरं झालं. मला मात्र ती ऐकायची होती.

थोडी पार्श्वभूमी इथेच सांगते. जर्मन १९४४ च्या ऑक्टोबरात गेले. त्यांच्याशी लढलेल्या डाव्या गटांत आणि ब्रिटिशांच्या पाठिंब्याच्या सरकारात त्याच डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर लढाई झाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये समेट झाला, हत्यारं खाली ठेवली गेली, आणि मग डाव्यांची धरपकड आणि मारहाण सुरू झाली. माणसं पुन्हा डोंगरात गेली. १९४६ पासून यादवी. डोंगरातल्या फौजेचं नाव 'ग्रीसची लोकशाही सेना', सेनापती मार्कोस वाफियादिस, कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस निकोस झाखारियादिस. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचं हंगामी सरकार जाहीर केलं. सरकारला राजधानी हवी, म्हणून २५ डिसेंबरला कोनित्सावर हल्ला. योआनिनाकडून येणारी वाट तोडण्यासाठी आधी बुराझानीचा पूल घेतला. बर्फात आठवडाभर लढाई चालली, आतल्या शिबंदीने गाव सोडलं नाही, बाहेरून कुमक पोचली आणि जानेवारी उजाडला तसे हल्लेखोर मागे हटले. त्या हंगामी सरकारला जगातल्या एकाही देशाने मान्यता दिली नाही, रशियानेसुद्धा नाही.

रात्री जेवायला आलेवरोपिता खाल्ली. पातळ पिठाचं धिरडं समजा, वर फेटा चीज, भट्टीत कडक भाजलेलं. एपिरस प्रांतात आल्यावर ही चुकवू नका.

दुसरा दिवस: खेचराची पावती

घरमालक ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेली, त्यामुळे भाच्याशी जर्मनमध्ये गट्टी जमली. (उपयोगी गोष्ट: या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीपेक्षा जर्मन जास्त येतं. साठ-सत्तरच्या दशकांत गावंच्या गावं तिकडे कामाला गेली होती.) सगळे त्यांना 'पापू' म्हणत होते, म्हणजे आजोबा. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

सकाळी कॉफी देताना त्यांनी विचारलं, कशासाठी आलात? भाच्याने सांगितलं. पापू गप्प झाले. भाचा हळूच मला म्हणाला, "मावशी, विषय सोडूया का?" तेवढ्यात ते उठले आणि आम्हाला तळघरात घेऊन गेले. कोपऱ्यात खेचराचं लाकडी खोगीर होतं, इथला शब्द 'समारी'. लाकूड मांडीच्या घासण्याने काळं, गुळगुळीत झालेलं, खालची चामडी पट्टी उंदरांनी खाल्लेली. खोगिराच्या पोकळीत एक पत्र्याची डबी. डबीत चार घड्या घातलेला कागद. घड्यांवर अक्षरं उडालेली, पण शिक्का दिसत होता. सैन्याने १९४८ च्या वसंतात त्यांच्या वडिलांचं खेचर नेलं, त्याची ही पावती.

डोंगरातल्या लढाईत खेचर म्हणजे सर्वस्व. तोफा, दारूगोळा, भाकरी, जखमी, सगळं त्यांच्या पाठीवर. अमेरिकेने मदत म्हणून विमानं आणि बंदुका दिल्या तशी खेचरंही दिली.

पापूंचा काका सतरा वर्षांचा होता. कोनित्सावरचा हल्ला फसल्यावर परतणाऱ्यांनी वरच्या वस्तीतून काही मुलं बरोबर नेली, त्यात तो. स्वखुशीने गेला की धरून नेला, यावर घरात चाळीस वर्षं भांडण होतं. वडील शिबंदीच्या बाजूचे. पापू म्हणाले, "खेचराची पावती मिळाली. माझ्या काकाची कुणी दिली नाही."

मग मी शब्दाबद्दल विचारलं. काकाला घरात काय म्हणायचे? आजी म्हणायची 'अंदार्तिस', बंडखोर योद्धा. याच शब्दाने तुर्कांविरुद्ध लढलेल्यांचाही मान राखला जातो. वडील म्हणायचे 'सिमोरितिस', टोळीवाला. सरकारी कागदांतही हाच शब्द आणि या युद्धाचं अधिकृत नाव 'टोळीवाल्यांचं युद्ध'. १९८९ मध्ये कायदा करून ते बदललं, तेव्हा कुठे कागदावर 'यादवी युद्ध' आलं. लढाई संपून चाळीस वर्षं झाली होती. पापूंनी स्वतः दोन्ही शब्द वापरले नाहीत. ते फक्त 'थिओस' म्हणत होते, म्हणजे काका.

दुपारी व्होईदोमातिस नदीकाठी हिंडलो. पाणी इतकं निळं आणि थंड की पाय दहा सेकंद ठेवता येईना. शाकाहारी मंडळींसाठी: हॉटेलात 'निस्तीसिमो' हा शब्द वापरा, म्हणजे उपासाचं. मांस, दूध, अंडं नसलेलं जेवण मिळतं. शिंपले-कोळंबी मात्र त्यांच्या उपासाला चालते, तेवढं विचारून घ्या.

तिसरा दिवस: ग्रामोस

भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून पापूंच्या ओळखीच्या एका मेंढपाळाची पिकअप ठरवली. तो एतोमिलित्साचा. हे गाव साधारण चौदाशे मीटरवर, ग्रामोसच्या दक्षिण अंगाला. वस्ती व्लाख मेंढपाळांची, त्यांची बोली ग्रीक नव्हे, रोमानियनच्या नात्यातली. उन्हाळ्यात कळप घेऊन वर यायचं आणि थंडी पडली की खाली थेस्सालीच्या मैदानात उतरायचं. आपल्या धनगरवाड्यांची आठवण झाली: तीच घोंगडी, तीच कुत्र्यांवर सोपवलेली राखण. गावात अजून धूर निघत होता, पण दोन-तीन घरांना कुलपं लागली होती. आणखी दोन-तीन आठवड्यांत सगळं रिकामं होणार, असं तो म्हणाला.

१९४८ मध्ये याच गावात मार्कोसचं ठाणं होतं.

आम्हाला गिस्तोवा तळ्यापर्यंत जायचं होतं. २,३५० मीटरवर, देशातलं सगळ्यात उंच तळं. गाडीरस्ता संपल्यावर चालायला लागलो आणि तासाभरात अल्बानियाकडून धुकं आलं. आलं म्हणजे कड्यावरून सांडलं. पाच मिनिटांत पुढच्याची पाठ दिसेना. मेंढपाळ थांबला, म्हणाला, आज नाही. मी वाद घातला नाही. सह्याद्रीत पस्तीस वर्षं चालल्यावर स्थानिक माणसाने 'नाही' म्हटलं की मागे फिरायचं, एवढं कळतं.

परतताना मात्र त्याने आम्हाला धारेवरून खाली बीच नावाच्या झाडांच्या रानात नेलं आणि एक खड्डा दाखवला. कमरेइतका खोल, तोंड खिंडीकडे. वर टाकलेले ओंडके कुजून शेवाळ झालेले, एका बाजूला दगड रचलेले अजून जागच्या जागी. शेजारी गंजून जाळी झालेला डबा. भाचा वाकला तसा मेंढपाळ ओरडला. हात लावायचा नाही, धातूचं काहीही असो. मेंढ्या चरायला नेताना अजून त्याला कधीमधी गोळे सापडतात. ही सूचना तुम्हीही गांभीर्याने घ्या. पायवाट सोडू नका आणि लोखंड उचलू नका.

मी त्या खड्ड्यात उतरून बसले. तिथून समोरची खिंड, डावीकडची सोंड आणि खालचं पाणी, तिन्ही एका नजरेत येतात. जागा निवडणारा डोंगरातला माणूस होता. एक बंदूक आणि चार माणसं इथे बसली तर खालून येणारी शंभर माणसं अडतील. पण किती दिवस?

१९४८ च्या जूनच्या मध्यात सरकारी सैन्याने ग्रामोसची मोहीम उघडली. फेब्रुवारीत अमेरिकन जनरल जेम्स व्हॅन फ्लीट सल्लागार म्हणून आले होते, नवी शस्त्रं आली होती. डोंगरात सुमारे १२,००० माणसं, खाली त्यांच्या कितीतरी पट. काही आठवड्यांचं काम वाटलं होतं, दहा आठवडे लागले. एकेका माथ्यासाठी दिवसचे दिवस. क्लेफ्तिस नावाचा एक माथा आहे, नावाचा अर्थच 'चोर', त्याच्यासाठी दोन्हीकडची किती पोरं गेली. त्या उन्हाळ्यात या रानांवर नापामही पडला, म्हणजे चिकटून पेटणारे आगबॉम्ब. व्हिएतनामच्या कितीतरी आधी.

आपल्याकडे गनिमी कावा हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक आहे. मार्कोसचं म्हणणं तेच होतं: मारायचं आणि निसटायचं, डोंगर धरून बसायचं नाही. झाखारियादिसला मात्र नियमित फौज हवी होती, मोर्चे, ठाणी, आपला म्हणून सांगता येईल असा मुलूख. ग्रामोस धरून ठेवला तो या हट्टापायी, असं माझं मत त्या खड्ड्यात बसल्यावर पक्कं झालं. ज्याच्याकडे विमानं नाहीत त्याने एका जागी उभं राहणं म्हणजे समोरच्याला वेळ देणं. तरीही शेवटी मार्कोसच्या माणसांनी जुनी विद्या वापरली. २० ऑगस्टच्या रात्री वेढ्यातून वाट काढून ते उत्तरेला वित्सीच्या डोंगरात निसटले. सैन्य माथ्यावर पोचलं तेव्हा मुख्य फौज तिथे नव्हती. बक्षीस म्हणून मार्कोसला पुढच्या जानेवारीत बाजूला सारलं गेलं, कारण सांगितलं तब्येतीचं.

संध्याकाळी मेंढपाळाच्या घरी चुलीपाशी ट्राहाना प्यायलो, आंबवलेल्या दुधा-गव्हाची घट्ट पेज. धुक्यात गारठलेल्या अंगाला इतकं बरं वाटलं की मी दोनदा मागून घेतली. त्याच्या आजोबांना त्या वर्षांत वर येताच आलं नव्हतं. बंडखोरांना भाकर मिळू नये म्हणून सैन्याने डोंगरातली गावं रिकामी करून माणसं खाली शहरांच्या कडेला आणून ठेवली. देशभरात असे सुमारे सात लाख लोक घराबाहेर होते. कळप विकले, मारले, खाल्ले गेले. १९५० मध्ये आजोबा परत वर आले तेव्हा घराच्या फक्त भिंती होत्या. त्यांनी पहिलं काय केलं? शेजाऱ्याकडून सहा मेंढ्या अर्धलीने घेतल्या.

रानातल्या मेंढपाळी कुत्र्यांबद्दल: ती खरोखर अंगावर येतात. पळू नका, जागेवर उभे राहा, मेंढपाळाला हाक मारा. आणि मोबाईल वर गेल्यावर अल्बानियाचं नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद करून ठेवा.

चौथा दिवस: कास्तोरिया

एप्ताखोरी, नेस्तोरिओ करत कास्तोरियाला. वळणाचा, सुंदर, रिकामा रस्ता. कोनित्सा सोडताना टाकी भरून घ्या, मधे पंपाची खात्री नाही.

कास्तोरिया तळ्यात घुसलेल्या भूशिरावर वसलेलं आहे. फरच्या कातड्यांचा जुना व्यापार, बायझंटाईन काळातली छोटी छोटी चर्चेस, तळ्यावर हंस. दिवसभर नुसतं बसलो. भाच्याने 'माकालो' खाल्लं, लसणीच्या रश्शातले खिम्याचे गोळे. मी भाजलेल्या लाल मिरच्या आणि भाकरी. त्या दिवशी युद्धाचं काही बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

पाचवा दिवस: मातीच्या विटा

कास्तोरियाहून प्रेस्पाकडे जाताना कोरेस्तियाची गावं लागतात. गाव्रोस, क्रानिओनास. लाल मातीच्या कच्च्या विटांची दुमजली घरं, सज्जांचे लाकडी खांब, आणि बहुतेक घरांना छप्पर नाही. एका भिंतीला हात लावला तर विटेतला पेंढा बोटाला टोचला. आमच्या आजोळच्या वाड्याच्या भिंतीतही असाच पेंढा होता. आतल्या कोनाड्यात चुलीची काजळी अजून होती. मला पुढच्या घरात जाववेना.

पश्चिमेला मालिमादीचा डोंगर, पूर्वेला वित्सी. ग्रामोसहून निसटलेली माणसं इथे आली आणि १९४८ च्या सप्टेंबरात त्यांनीच सैन्याला मागे रेटलं. हिवाळा पडला तेव्हा प्रश्न सुटलेला नव्हता. सुटला तो पुढच्या वर्षी. १९४८ च्या जूनमध्येच स्टालिनच्या गटाने युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं होतं, झाखारियादिस स्टालिनच्या बाजूने उभा राहिला आणि जुलै १९४९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या टिटोने सीमा बंद केली. पाठीमागचं दार लागलं. ऑगस्टमध्ये आधी वित्सी पडला, मग ३० तारखेपर्यंत ग्रामोस.

या गावांत घरी स्लाव बोली चालायची. १९४९ पर्यंत डोंगरातल्या फौजेत या लोकांचा वाटा मोठा होता, कारण त्यांना त्यांच्या भाषेतल्या शाळा देऊ केल्या होत्या. हार झाली तशी गावंच्या गावं सीमेपलीकडे गेली. गावांनाही दोन-दोन नावं आहेत, एक पाटीवरचं आणि एक म्हाताऱ्यांच्या तोंडातलं. पुढे एका गावाची पाटी आली, 'अंदार्तिको'. जुनं नाव झेलोव्हो. भाचा गाडी थांबवून म्हणाला, "मावशी, हा तर पापूंच्या आजीचा शब्द!" खरंच तोच. आधीच्या पिढीतल्या, सरकारच्या आवडत्या अंदार्तेसच्या मानासाठी दिलेलं हे नाव. एका डोंगरात पाटीवर चढलेला शब्द शेजारच्या डोंगरात माणसाला तुरुंगात पाठवत होता.

मुक्कामाला आयिओस येर्मानोस. घेवड्याचा हंगाम. अंगणाअंगणात वेल उपटून वाळत घातलेले, काठ्यांचे जुडगे उभे केलेले.

सहावा दिवस: प्रेस्पा

दोन तळी, तीन देशांची सीमा. सकाळी व्रोंतेरोजवळची गुहा पाहिली, जिथे लोकशाही सेनेचा दवाखाना होता. तिला कोक्कालिसची गुहा म्हणतात, अथेन्सचा नामांकित शल्यविशारद पेत्रोस कोक्कालिस, हंगामी सरकारात आरोग्यमंत्री. आत गार, ओल, छतातून थेंब. दहा मिनिटं उभं राहिल्यावर माझे गुडघे दुखायला लागले. इथे कंदिलाच्या उजेडात पाय कापले गेले.

दुपारी तरंगत्या पुलावरून आयिओस आखिलिओस बेटावर. हजार वर्षांपूर्वीच्या बॅसिलिकाचे अवशेष, गवतात गाई, पाण्यावर डाल्मेशियन पेलिकन. त्यांच्या जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक या तळ्यावर आहे. २०२२ च्या बर्ड फ्लूमध्ये हजाराच्या वर पक्षी मेले होते. आता पुन्हा दिसतात.

घेवडा विकत घ्यायला आम्ही रस्त्याकडेच्या एका अंगणात थांबलो. (घ्याच. 'यिगान्तेस' म्हणजे मोठे दाणे. रात्रभर भिजवून टोमॅटोत, भट्टीत शिजवतात.) आजी दाणे निवडत होत्या. भाच्याची माझ्याशी मराठी चालली होती, मधे त्याला फोन आला तेव्हा तो जर्मनमध्ये बोलला. आजींनी मान वर केली आणि जर्मनमध्येच विचारलं, "ड्रेस्डेनचा का तू?"

त्या पाच वर्षांच्या असताना गेल्या. मार्च १९४८ पासून बंडखोरांनी या डोंगरांतून सुमारे २८,००० मुलं सीमेपलीकडे पाठवली, बॉम्बपासून वाचवायला. सरकारी बाजू याला 'पेदोमाझोमा' म्हणायची, मुलं गोळा करून नेणं, आणि तिने स्वतः राणी फ्रेडेरिकाच्या नावाने मुलांसाठी वसाहती उघडल्या. दर वीस-पंचवीस मुलांमागे एक बाई, तिला सगळे 'माना' म्हणत, आई. आजींना आठवतं ते एवढंच: रात्र, पुढच्या मुलीच्या झग्याचं टोक मुठीत धरलेलं, आणि मानाने सांगितलेलं की हे सोडलंस तर हरवशील. आधी युगोस्लाव्हिया, मग रेल्वे, मग ड्रेस्डेनजवळचं वसतिगृह. तिथेच शाळा, तिथेच कापडगिरणीत नोकरी. परतल्या त्या चाळिशीत. १९८२ च्या निर्णयाने निर्वासितांना परत यायची मुभा मिळाली, पण अट होती: 'वंशाने ग्रीक' असलेल्यांनाच.

ज्या मुलीच्या झग्याचं टोक त्यांनी धरलं होतं, ती शेजारच्या स्लाव बोलीच्या गावातली. तिला ती मुभा नव्हती. ती आता सीमेपलीकडे बितोलाला असते. २०१८ मध्ये इथल्याच मोठ्या तळ्याकाठी, प्सारादेस गावात, ग्रीस आणि आताचा उत्तर मॅसेडोनिया या दोन देशांनी 'मॅसेडोनिया' या नावाच्या वादाचा करार केला. मी आजींना त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, हो, फार गाड्या आल्या होत्या.

मग त्यांनी एप्रनला हात पुसला, फोन काढला आणि बितोलाला लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. दोघी एकमेकींशी जर्मनमध्ये बोलत होत्या, लहानपणी एका खोलीत शिकलेल्या जर्मनमध्ये, मधेच ग्रीक, मधेच स्लाव. मी भाच्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय म्हणतायत रे?"

"पाऊस," तो म्हणाला. "इकडे गेल्या आठवड्यात पडला, तिकडे नाही. आणि घेवडा या वर्षी लहान आलाय, असं त्या पलीकडच्या सांगतायत. ह्या म्हणतायत, आमचा चांगलाय, दोन किलो बाजूला काढून ठेवलाय तुझ्यासाठी."